टाइल घ्यावी की इंजिन? पुन्हा उडणाऱ्या यानांवर प्रोजेक्ट करणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची इंजिनिअरिंगची मुलं शेवटच्या वर्षाला 'पुन्हा वापरता येणारं यान' हा विषय घेतात आणि मग अडतात: पंखांच्या यानाची उष्णतारोधक टाइल घ्यावी, की उभ्यानं उतरणाऱ्या रॉकेटचं इंजिन? दोन्हींच्या मुळाशी प्रश्न एकच आहे. यान परत आलं. आता पुढच्या उड्डाणाआधी त्यात काय काय तपासायचं आणि काय न उघडता सोडून द्यायचं? मी बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत कास्टिंगच्या, म्हणजे साच्यात ओतलेल्या धातूच्या भागांच्या, तपासणीत काम करतो. माझा कल इंजिनाकडे आहे, तो कशामुळे ते सांगतो.

अमेरिकेच्या स्पेस शटल या पंखांच्या यानावर सुमारे 24,000 सिलिकाच्या टाइल्स होत्या. आत नव्वद टक्क्यांहून जास्त हवाच, त्यामुळे हलक्या. पण जवळजवळ प्रत्येकीचा आकार वेगळा, म्हणजे एक काढली तर तिच्या जागी दुसरी कुठलीही चालत नसे. शिवाय परतीच्या तापात टाइलमधलं पाणी रोखणारं रसायन जळून जाई. मग प्रत्येक उड्डाणानंतर एकेका टाइलला ते सुईनं पुन्हा टोचायचं, नाहीतर फ्लोरिडाच्या पावसात ती पाणी पिऊन जड होणार. शटलची सगळ्यात झटपट तयारी झाली 1985 मध्ये. अटलांटिसच्या दोन उड्डाणांत 54 दिवसांचं अंतर होतं. 1986 मधल्या चॅलेंजर शटलच्या अपघातानंतर तो वेग पुन्हा कधी गाठला गेला नाही, आणि मला ते योग्यच वाटतं.

स्पेसएक्सच्या उभ्यानं उतरणाऱ्या फाल्कन 9 रॉकेटचा पहिला टप्पा मात्र दोन आठवड्यांच्या आतसुद्धा पुन्हा उडालेला आहे. हे आकडे शेजारी ठेवून शटलवाल्यांना नावं ठेवू नका. फाल्कनचा टप्पा साधारण ताशी 8,000 किलोमीटरला सुटून परत फिरतो. शटल कक्षेतून येई, ताशी 28,000 नं. ऊर्जा वेगाच्या वर्गानं वाढते, तेव्हा दर किलोमागे शटलला बारापट ऊर्जा झटकावी लागे. प्रोजेक्टच्या पहिल्याच प्रकरणात हा हिशेब मांडा. त्याशिवाय केलेली तुलना अर्धवट राहील.

आता इंजिन. आपल्या भागातल्या मुलांना इथे खरी गोडी लागावी असं मला मनापासून वाटतं. शटलच्या मुख्य इंजिनांचे टर्बोपंप (इंधन आणि ऑक्सिजन जोरानं इंजिनात ढकलणारे पंप) सुरुवातीला शेकडो वेल्ड जोडांनी बनलेले होते. जिथे वेल्ड तिथे भेगेची शंका, आणि शंका आली की पंप काढून बघणं आलं. 1995 पासून ऑक्सिजनचा नवा पंप उडू लागला. त्यात मोठे भाग एकसंध कास्टिंगचे करून जवळपास सगळे जोड काढून टाकले होते, त्यामुळे दर वेळी पंप उतरवायची गरज कमी झाली. परतताना दिशा सांभाळणाऱ्या फाल्कनच्या जाळीदार पंखांचंही तसंच. आधीचे अ‍ॅल्युमिनियमचे पंख परतताना भाजून निघायचे. 2017 मध्ये टायटॅनियमचे एकसंध ओतीव पंख आले आणि त्यांची देखभाल जवळपास संपली. म्हणजे तयारीचे दिवस कमी झाले ते हात भरभर चालवून नव्हे, तर तपासायच्या जागाच कमी करून. फौंड्रीच्या गावात वाढलेल्या मुलाला हे वेगळं समजवावं लागत नाही.

इस्रोचं 'पुष्पक' हे पंखांचं यान आपल्याच कर्नाटकात, चित्रदुर्ग जिल्ह्यातल्या चळ्ळकेरेजवळ उतरलं, म्हणून बरेच जण त्याकडे ओढले जातात. मार्च 2024 मधल्या चाचणीचाच सांगाडा आणि उड्डाणयंत्रणा जूनमध्ये पुन्हा वापरली, ही फार मोलाची गोष्ट आहे. पण त्याला हेलिकॉप्टरनं साडेचार किलोमीटरवरून सोडलं होतं. ताशी 320 किलोमीटरहून जास्त वेगानं धावपट्टीला टेकताना चाकं आणि ब्रेक कसे टिकले हे त्यातून कळतं. टाइलबद्दल काही कळत नाही. इस्रोच्या टाइल्सना ताप लागला तो 2016 च्या उड्डाणात, आणि ते यान बंगालच्या उपसागरात उतरवलं होतं, त्यामुळे त्या टाइल्स परत तपासायला मिळाल्या नाहीत.

मटेरियल सायन्सची खरी ओढ असेल आणि कॉलेजात चांगली मफल फर्नेस (नमुने तापवायची बंदिस्त भट्टी) असेल, तर टाइल जरूर घ्या. सिलिकाची खरी टाइल मिळणार नाही. भट्टीच्या अस्तराचा सिरॅमिक फायबर बोर्ड घेऊन तापवण्याआधी आणि नंतर तो किती पाणी शोषतो हे मोजता येईल. बाकी सगळ्यांनी इंजिनाकडे वळावं. लहान कास्टिंगचे नमुने पुन्हा पुन्हा तापवून थंड करा आणि कितव्या फेरीला भेग दिसते याची नोंद ठेवा. तपासणीचं साहित्य आणि ते हाताळणारी माणसं इथे आहेत. एक लक्षात असू द्या: डाय पेनिट्रंटला (भेगेत शिरणाऱ्या रंगीत द्रवाच्या तपासणीला) फक्त पृष्ठभागावर उघडलेली भेग दिसते, आतल्या पोकळीसाठी अल्ट्रासॉनिक (ध्वनिलहरींची) किंवा एक्स-रे तपासणी लागते. म्हणून तपासणीची पद्धत आधी ठरवा, नमुने नंतर ओतून घ्या.