गार्डन ट्रॅक्टरच्या लोडरसाठी स्वतः बांधलेली हायड्रॉलिक नियंत्रणे : काही महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

गार्डन ट्रॅक्टरला लोडर (पुढे बसणाऱ्या, बकेट उचलणाऱ्या भुजा) बसवणारे बहुतेक जण सिलिंडर किती जाड घ्यावा, बकेट किती रुंद असावी आणि किती वजन उचलले जाईल, याचा विचार आधी करतात. काही महिने सतत हाताळल्यानंतर माझे मत असे झाले आहे की, एवढ्या लहान यंत्रात ताकद सहज मिळते. ती ताकद हाताच्या हालचालीप्रमाणे थोडी थोडी वापरता येणे मात्र मुद्दाम घडवावे लागते. म्हणून लोडरच्या सांगाड्याविषयी मी येथे फारसे लिहीत नाही. ज्या लिव्हरने तेलाची वाट उघडते आणि बंद होते, त्या लिव्हरविषयी आणि त्याच्या जोडकामाविषयी लिहितो.

मांडणी अशी आहे. इंजिनावरून पट्ट्याने फिरणारा गिअर पंप दर फेऱ्याला ४ घन सें.मी. तेल देतो, म्हणजे मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर १२ लिटर. उचलण्याचे दोन सिलिंडर ५० मि.मी. व्यासाचे आणि ४०० मि.मी. स्ट्रोकचे (म्हणजे पिस्टन सरकण्याच्या अंतराचे) असून त्यांचा रॉड (बाहेर सरकणारा दांडा) ३० मि.मी. जाड आहे. दोन्ही पूर्ण उघडायला सुमारे १.६ लिटर तेल लागते, त्यामुळे लोडर तळापासून माथ्यापर्यंत जायला ८ सेकंदांच्या आसपास वेळ घेतो. रिलीफ व्हॉल्व्ह (ठरावीक दाबानंतर तेल टाकीकडे सोडणारी झडप) १४० बारवर लावला आहे. या दाबाला एक सिलिंडर सुमारे २.८ टनांचा रेटा देतो. भुजांच्या तरफेत त्यातला मोठा भाग खर्च झाला, तरी उरलेला रेटा या ट्रॅक्टरला पुरेसा आहे. पंप आणि सिलिंडर यापेक्षा अधिक दाब सहन करतात हे मला ठाऊक आहे. तरीही तो वाढवण्याचा विचार मी केलेला नाही, कारण गार्डन ट्रॅक्टरचा पुढचा ॲक्सल आणि चाकांची बेअरिंगे त्या दाबाने उचलले जाईल ते वजन गृहीत धरून बनवलेली नसतात.

लिव्हरने चालणारा मुख्य व्हॉल्व्ह दोन स्पूलचा (आत सरकून तेलाची वाट बदलणाऱ्या दांड्यांचा), ओपन सेंटर (लिव्हर मध्ये असताना तेल मोकळे सोडणाऱ्या) पद्धतीचा आहे. उचलण्याच्या स्पूलला फ्लोटची (बकेट जमिनीवर मोकळी सोडण्याची) चौथी जागा आहे आणि बकेटच्या स्पूलला दोन्ही बाजूंनी स्प्रिंग आहे. अशा व्हॉल्व्हबरोबर येणारा आखूड लिव्हर त्यावरच बसवून अख्खा व्हॉल्व्ह सीटशेजारी लावण्याची पद्धत सर्रास दिसते. मला ती पटत नाही. दाबाखालचे सहा-सात होज (तेलाच्या लवचीक नळ्या) मांडीजवळून न्यायचे आणि एखादा फुटला तर गरम तेलाचा फवारा थेट अंगावर घ्यायचा, हा धोका पत्करण्याचे काहीच कारण नाही. म्हणून व्हॉल्व्ह खाली चॅसिसवर, स्पूलची तोंडे वर ठेवून बसवला आणि उजव्या मडगार्डवर फक्त जॉयस्टिक (दोन्ही स्पूल चालवणारा एकच लिव्हर) आणली. व्हॉल्व्ह आणि जॉयस्टिक यांना दोन उभ्या सळ्या जोडतात. केबल वापरली असती तर काम लवकर झाले असते, पण केबलमध्ये हाताची हालचाल आणि स्पूलची हालचाल यांत थोडे अंतर राहते, आणि नेमके तेवढ्यातच बारीक काम असते.

या जोडकामातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे सळ्यांच्या बॉल जॉइंटची (गोळ्यावर सर्व बाजूंना वळणाऱ्या जोडाची) जागा. जॉयस्टिकच्या तळाशी एक लहान युनिव्हर्सल जॉइंट (दोन्ही अक्षांवर झुकणारा सांधा) आहे आणि त्यावर काटकोनी पट्टी वेल्ड केली आहे. पट्टीची एक भुजा पुढे जाते, तिला उचलण्याची सळी आहे. दुसरी भुजा बाजूला जाते, तिला बकेटची सळी आहे. पुढच्या भुजेवरच्या बॉलचा मध्य बरोबर डाव्या-उजव्या हालचालीच्या अक्षावर आला, तर लिव्हर डावीकडे-उजवीकडे नेताना तो बॉल जागचा हलत नाही. तसेच बाजूच्या बॉलचा मध्य पुढच्या-मागच्या हालचालीच्या अक्षावर हवा. हे दोन मध्य अक्षापासून वर किंवा खाली सरकले की बकेट फिरवताना लोडर आपोआप थोडा वर किंवा खाली जातो आणि चालवणारा व्हॉल्व्हला दोष देत बसतो. मी बॉलखाली पातळ वॉशर घालून आणि काढून ही उंची जुळवली. इंजिन बंद ठेवून लिव्हर एका दिशेने पूर्ण हलवायचा आणि दुसऱ्या स्पूलवर बोट ठेवून तो हलतो का ते पाहायचे, ही तपासणी कोणीही करू शकतो. माझ्याकडे आजही तो स्पूल स्थिर राहतो, आणि या बांधणीतले मला सर्वांत समाधान देणारे काम हेच आहे.

दुसरी बाब लिव्हरच्या गुणोत्तराची. या व्हॉल्व्हच्या स्पूलची एका बाजूची हालचाल सुमारे ७ मि.मी. आहे, आणि तीतला पहिला एक-दीड मिलिमीटर गळती रोखण्यासाठीच ठेवलेला असल्याने त्यात काहीच घडत नाही. मुठीपासून टेकूपर्यंत २४० मि.मी. आणि टेकूपासून सळीपर्यंत ३० मि.मी., असे आठास एक गुणोत्तर घेतल्यामुळे हात साडेपाच सेंटिमीटर फिरतो, तेव्हा स्पूल पूर्ण उघडतो. आखूड लिव्हरवर हेच अंतर निम्मे असते आणि मग लोडर एक तर थांबतो किंवा झेप घेतो, मधले काही उरत नाही. सुरुवातीला लिव्हरचा हा लांब प्रवास थोडा संथ वाटला. पण बकेटच्या कडेने मातीचा पातळ थर काढताना किंवा खडीच्या ढिगात शिरताना बकेटचे तोंड किंचित वर घेताना त्याचे मोल पटते.

ओपन सेंटर व्हॉल्व्हचा एक स्वभाव मात्र कोणत्याही लिव्हरने बदलत नाही, आणि तो समजून घेणे आवश्यक आहे. लिव्हर मधोमध असताना पंपाचे तेल व्हॉल्व्हमधून सरळ टाकीकडे जाते. स्पूल सरकू लागला की ही वाट आक्रसते, तेलाचा दाब चढतो आणि तो वजनाच्या दाबापेक्षा जास्त झाला की मगच सिलिंडर हलतो. साहजिकच रिकामी बकेट लिव्हरच्या थोड्या हालचालीला उठते, तर भरलेली बकेट लिव्हर बराच पुढे गेल्यावर हलू लागते. शिवाय हलू लागल्यापासून पूर्ण वेगापर्यंतचे अंतरही वजनाबरोबर कमी होत जाते. म्हणजे जिथे जपून वागायला हवे, तिथेच जागा कमी मिळते. यावर उपाय एकच, भरलेल्या बकेटने काम करताना इंजिनाचे फेरे उतरवणे. फेरे निम्म्यावर आणले की पंपाचे तेलही निम्मे होते आणि हाताला सावरायला वेळ मिळतो. मी हँड थ्रॉटल जॉयस्टिकपासून वीतभर अंतरावर आणला, तो यासाठीच.

मनगटाचा आधार ही अगदी साधी वस्तू, पण तिने कामाचा दर्जा सर्वांत जास्त सुधारला. ट्रॅक्टर खड्ड्यातून गेला की अंग हलते, अंगाबरोबर हात हलतो, हाताने लिव्हर हलतो, त्याने लोडर हिसका खातो आणि त्या हिसक्याने ट्रॅक्टर आणखी उसळतो. हे चक्र लहान ट्रॅक्टरवर फार लवकर सुरू होते, कारण भरलेल्या बकेटच्या तुलनेत ट्रॅक्टरचे स्वतःचे वजन कमी असते. मूठ ज्या उंचीला येते, त्याच्या किंचित खाली एक गादी लावलेली पट्टी बसवली आणि मनगट तिच्यावर टेकवून फक्त बोटांनी लिव्हर हलवू लागलो, तेव्हापासून हा त्रास जवळजवळ संपला आहे.

दिशा मात्र मी रूढ पद्धतीच्याच ठेवल्या : मागे ओढल्यास लोडर वर, पुढे ढकलल्यास खाली, आणखी पुढे ढकलल्यास फ्लोट, डावीकडे बकेट भरणे, उजवीकडे रिकामी करणे. स्वतः बांधताना हवी ती दिशा देता येते. पण दुसऱ्या कोणत्याही लोडरवर बसलेला माणूस सवयीने याच दिशांना हात नेतो, आणि संकटाच्या क्षणी विचार करायला वेळ नसतो.

फ्लोटमध्ये सिलिंडरच्या दोन्ही बाजू टाकीला जोडल्या जातात आणि बकेट स्वतःच्या वजनाने जमिनीच्या चढउताराप्रमाणे चालते. पसरलेली खडी उलट्या दिशेने ओढून सारखी करण्यासाठी हे अत्यंत उपयोगी आहे. या जागी स्पूल एका खाचेत अडकून राहतो. माझ्या व्हॉल्व्हमधली त्या खाचेची स्प्रिंग हलकी निघाली. ट्रॅक्टर जास्त हादरला की लिव्हर कधी कधी खाचेतून सुटून परत मध्ये येतो. काम बिघडत नाही, पण लक्ष ठेवावे लागते, आणि एवढ्या चांगल्या व्हॉल्व्हमध्ये ही उणीव खटकते. भरलेला लोडर वर असताना फ्लोटमध्ये टाकला तर तो धाडकन खाली येतो, म्हणून खाचेच्या आधी हाताला स्पष्ट जाणवेल असा स्प्रिंगचा अडथळा मी लिव्हरलाही दिला आहे.

लोडर खाली येताना वजनच तेलाला ढकलते. रॉडच्या बाजूला पंप तेवढ्या वेगाने तेल पुरवू शकला नाही तर तिथे पोकळी तयार होते, आणि बकेट जमिनीला टेकल्यावर दाब द्यायला क्षणभर उशीर होतो. उचलण्याच्या बाजूच्या होजमध्ये एकाच दिशेने अडवणारा रिस्ट्रिक्टर (तेलाची वाट अरुंद करणारा जोड) घातल्यावर उतरण्याचा वेग आवाक्यात आला आणि हा उशीरही गेला. वर जाताना तेल त्यातून मोकळे वाहते.

वर उचलून ठेवलेला लोडर हळूहळू खाली येतो, याबद्दल बहुधा सिलिंडरच्या सीलना दोष दिला जातो. व्हॉल्व्ह खरोखर बंद असेल तर केवळ पिस्टनचे सील गळून वजन खाली बसू शकत नाही, कारण आत शिरणाऱ्या रॉडला जागा देण्यासाठी तेवढे तेल बाहेर पडावे लागते. ते बाहेर पडते स्पूलच्या कडेने. माझा लोडरही तेल गरम असताना थंडपणीपेक्षा लवकर उतरतो. पायलट चेक व्हॉल्व्ह (दुसऱ्या बाजूचा दाब मिळाल्यावरच तेल परत सोडणारी झडप) लावून हे थांबवता आले असते, पण त्याला उघडायला दाब लागतो आणि फ्लोटमध्ये दाबच नसतो, त्यामुळे फ्लोट निकामी झाला असता. मी उतरणे मान्य केले आणि फ्लोट ठेवला. भुजा वर ठेवून काही दुरुस्ती करायची असेल, तर सिलिंडरच्या रॉडवर लोखंडी चॅनेलचा टेकू बसवल्याशिवाय मी त्याखाली हात घालत नाही.

तेलाच्या बाबतीत ४६ ग्रेडचे (हा तेलाच्या घट्टपणाचा आकडा) हायड्रॉलिक तेल, परतीच्या वाटेवर १० मायक्रॉनचा फिल्टर आणि गिअरबॉक्सपासून वेगळी १२ लिटरची टाकी, ही मांडणी समाधानकारक आहे. एकच पथ्य : सिलिंडर टोकाला पोहोचल्यावर लिव्हर धरून ठेवू नये. रिलीफवरून जाणारे तेल तेव्हा २.८ किलोवॅटची उष्णता निर्माण करते, आणि एवढ्या टाकीतले तेल त्याने मिनिटाला सुमारे ८ अंशांनी तापू शकते.

होजच्या जोडांवर टेफ्लॉन टेप मी कुठेही वापरलेली नाही, कारण तिचा तुकडा सुटून स्पूलमध्ये अडकतो. सपाट तोंडाला बाँडेड वॉशर (रबराची कड चिकटवलेला धातूचा वॉशर) पुरतो. जोड सोडण्याआधी बकेट जमिनीवर टेकवून, इंजिन बंद करून, लिव्हर सर्व दिशांना हलवून दाब काढावा. सुईएवढ्या छिद्रातून येणारे तेल कातडीतून आत शिरते, आणि जखम टाचणीएवढी दिसली तरी तिला तातडीने शस्त्रक्रिया लागू शकते. गळती शोधायला हात नव्हे, पुठ्ठा वापरावा.

वापराने झिजले ते मुख्यतः बॉल जॉइंट. ते उघडे असल्याने त्यांत धूळ गेली आणि बकेटच्या सळीला हलकासा ढिलेपणा आला आहे. मुठीपाशी तो आठपट होऊन जाणवतो. आता रबरी टोपीचे जॉइंट मागवले आहेत, आणि ते बसवताना पुन्हा वॉशरने बॉलची उंची जुळवावी लागेल, कारण त्यांची जाडी वेगळी आहे.