एकच मेथ, दोन देश : जपान आणि थायलंड

मेथॲम्फेटामिन, म्हणजेच ‘मेथ’ हे मेंदूला उत्तेजित करणारं आणि व्यसन लावणारं रसायन, पहिल्यांदा तयार केलं १८९३ मध्ये, नागाई नागायोशी या जपानी रसायनशास्त्रज्ञाने. १९४१ पासून ते ‘हिरोपोन’ नावाने जपानमध्ये राजरोस विकलं जाई. थकवा घालवायचं औषध म्हणून! दुसरं महायुद्ध संपल्यावर हिरोपोनचा साठा बाजारात आला आणि हरलेल्या, उपाशी शहरांत इंजेक्शनची साथ पसरली. १९५१ मध्ये मेथवर निर्बंध घालणारा कायदा आला, तरी १९५४ साली ५५ हजारांवर लोकांना अटक झाली. त्यानंतर मात्र आकडे झपाट्याने कोसळले. आज आयुष्यात कधीतरी मेथ घेतलेले जपानी एक टक्काही नाहीत, आणि पकडले जाणाऱ्यांत चाळिशी ओलांडलेले पुष्कळ.

थायलंडचं गणितच वेगळं. तिथे मेथ आणि कॅफिनची ‘याबा’ नावाची छोटी लाल गोळी चालते. ती चांदीच्या कागदावर तापवून तिचा धूर ओढतात. रात्रभर ट्रक हाकणारे, शेतमजूर, कामगार आणि आता तरुण पोरं हे तिचं गिऱ्हाईक. माल येतो शेजारच्या म्यानमारमधल्या शान राज्यातून. २००३ मध्ये पंतप्रधान थाकसिन यांच्या सरकारने अमली पदार्थांविरुद्ध ‘युद्ध’ पुकारलं. तीन महिन्यांत अडीच हजारांवर माणसं मारली गेली. गोळी मात्र टिकली, उलट स्वस्त झाली.

जपानच्या कडक कायद्याचं कौतुक होतं, पण माझ्या मते निम्मं श्रेय समुद्राला द्यायला हवं. डोंगर-जंगलातून जाणारी थायलंडची लांबलचक सीमा कितीही पोलीस लावले तरी बंद होत नाही. शिवाय जपानमध्ये व्यसनी माणूस आधी गुन्हेगार ठरतो, त्यामुळे तो डॉक्टरकडे जायलाही कचरतो.