सोलापुरातल्या नर्सिंग कॉलेजनं माजी सैनिकांसाठी टाय-अप कुणाशी करावं? पॉलिक्लिनिक, खाजगी हॉस्पिटल की थेट पुणे

हल्ली आपल्याकडच्या नर्सिंग कॉलेजांत हा विषय निघायला लागलाय, ट्यूटर मंडळी विचारतात की माजी सैनिकांच्या सेवेचं वेगळं पोस्टिंग सुरू करायचंय, मॅनेजमेंट तयार आहे, पण करार नेमका कुणाशी करायचा. पर्याय मुख्य तीनच आहेत. एक, ईसीएचएसचं, म्हणजे माजी सैनिकांच्या सरकारी आरोग्य योजनेचं, पॉलिक्लिनिक (बाह्यरुग्ण दवाखाना). दोन, ईसीएचएसच्या पॅनेलवरचं शहरातलं खाजगी हॉस्पिटल. तीन, पुण्यातल्या सैनिकी पुनर्वसनाच्या संस्था. माझं मत आधीच सांगते, पहिल्या वर्षी पॉलिक्लिनिक धरा आणि त्याला गावातल्या होम व्हिजिट जोडा, बाकीचं नंतर. कारण ज्या मुलीला एकच फौजी पुन्हा पुन्हा भेटतो तीच काहीतरी शिकते, एकदा बघितलेल्या पेशंटवर फक्त केस स्टडी लिहून होते.

आधी हा पेशंट वेगळा का, ते बघू. सिव्हिलच्या वॉर्डात आलेल्या माणसाच्या केसपेपरवर व्यवसाय 'शेती' लिहिलेला असतो, किंवा सिक्युरिटी गार्ड. तो सतरा वर्षं तोफखान्यात होता हे कुणी विचारतच नाही, आणि तोही आपणहून सांगत नाही. मग त्याला कमी ऐकू येतं ते वयामुळं असं धरलं जातं, थंडीत बोटं बधिर होतात ती शुगरमुळं असं धरलं जातं, आणि रात्री दचकून उठतो, दारू वाढलीय, हे तर बायकोशिवाय कुणालाच माहीत नसतं. अमेरिकेत नर्सिंगच्या अकादमीनं २०१३ मध्ये यासाठीच मोहीम काढली होती, प्रत्येक पेशंटला हिस्टरी घेतानाच विचारायचं की तुम्ही कधी सैन्यात होता का. एवढा एकच प्रश्न. तो आपल्या असेसमेंट फॉर्मवर छापायला कुठल्याही कराराची गरज नाही, ते उद्याच करा.

आता पॉलिक्लिनिक. ईसीएचएस १ एप्रिल २००३ ला सुरू झाली, त्यानंतर निवृत्त होणाऱ्या पेन्शनरांना ती सक्तीचीच आहे, एकदाच वर्गणी भरायची आणि मग स्वतः, बायको, अवलंबून असलेली मुलं, आईवडील असे सगळे त्यात येतात. सोलापुरात पॉलिक्लिनिक आहे आणि जिल्ह्यातल्या लांबलांबच्या गावांतून लोक तिथं येतात, सकाळी एसटीनं निघून. इथं बेड नाहीत, ऑपरेशन नाही, म्हणून काही प्रिन्सिपल मॅडम म्हणतात की मुली तिथं शिकणार काय. मला उलट वाटतं. तिथं तेच सुभेदारसाहेब बीपी-शुगरच्या गोळ्या घ्यायला परत परत येतात, त्यांच्या सोबत काकू येतात, आणि काकूंचेही गुडघे दुखतात, त्यांनाही शुगर असते. गोळ्या खरंच घेतल्या जातायत का, इन्सुलिन घरात कुठं ठेवतात, सोलापूरच्या एप्रिल-मेमध्ये फ्रिज नसेल तर त्याचं काय होतं, पायाला जखम आहे का, हे सगळं विचारायला आणि पुढच्या भेटीत त्याचं काय झालं ते बघायला मुलीला संधी मिळते. आणि अजून एक, आपल्या अक्कलकोट, दक्षिण सोलापूरच्या मुलींना कन्नड येतं, काहींच्या घरी तेलुगू बोलतात, एखाद्या म्हाताऱ्या वीरमातेशी तिच्या भाषेत बोलणारी मुलगी समोर असली की ती बाई जे सांगते ते कुठल्या फॉर्मवर येत नाही.

अडचणी आहेतच. जागा लहान, एका वेळी चार-पाच मुलींपेक्षा जास्त नेऊ नका, गर्दीच होते नुसती. संध्याकाळ-रात्रीची ड्युटी नाही. आणि परवानगी ही मोठी गोष्ट आहे, पॉलिक्लिनिकच्या ओआयसी (प्रभारी अधिकारी) साहेबांनी हो म्हटलं म्हणून झालं असं नसतं, कारभार सैन्याच्या स्टेशन हेडक्वार्टरकडं असतो आणि वर पुण्याचं रिजनल सेंटर, त्यामुळं पत्र त्या वाटेनं फिरून येणार, त्याला वेळ लागणार. पेशंटच्या नोंदी बाहेर न्यायच्या नाहीत, फोटो काढायचे नाहीत, मोबाईल बाहेर ठेवायचा, हे मुलींना आधीच नीट सांगावं लागतं.

पॅनेलवरच्या हॉस्पिटलचं गणित वेगळं. पॉलिक्लिनिकनं रेफर केलं की माजी सैनिक तिथं ॲडमिट होतो, कॅशलेस, ठरलेल्या सरकारी दरात. गुडघा बदलणं, अँजिओप्लास्टी, डायलिसिस, आयसीयू सगळं बघायला मिळतं, प्रोसिजर बुक भराभर भरतं, लॉगबुकवर सह्या होतात. ज्या कॉलेजचं स्वतःचं हॉस्पिटल लहान आहे त्यांना हा पर्याय आकर्षक वाटणारच, कारण नर्सिंग कौन्सिलचं एका विद्यार्थ्यामागं तीन पेशंटचं प्रमाण कुठंतरी भरून काढावं लागतं. करार पण लवकर होतो, मेडिकल डायरेक्टर आणि कॉलेज बसले की झालं. पण दोन गोष्टी बघा. पहिली, तिथं फौजी म्हणून कुणी वेगळा नसतो, बेड नंबर असतो, चार दिवसांत डिस्चार्ज होतो आणि तो सांगोल्याला जाऊन पुढं कसा चालतोय ते मुलीला कधी कळत नाही. दुसरी जास्त महत्त्वाची, काही ठिकाणी विद्यार्थिनींना स्टाफच्या जागी वापरतात, नाईटला दोन सिस्टर आणि बाकी सगळ्या आपल्या मुली, शिकवायला कुणी नाही. हे मी स्वतः पाहिलंय आणि मला त्याचा राग आहे. करारात लिहून घ्या की मुली ज्यादा म्हणून राहतील, कमी असलेल्या स्टाफच्या बदल्यात राहणार नाहीत. आणि पॅनेलची यादी बदलत असते, आज असलेलं हॉस्पिटल पुढच्या वर्षी असेलच असं नाही, सही करायच्या आधी ईसीएचएसच्या साईटवर चालू यादी बघून घ्या.

एकाच पेशंटवरून दोन्हीकडचा फरक बघा. समजा मोहोळचे एक निवृत्त हवालदार आहेत, शुगर जुनी, पायाला जखम. हॉस्पिटलमध्ये मुलगी ड्रेसिंग शिकेल, ॲसेप्टिक टेक्निक शिकेल, बोट काढावं लागलं तर ऑपरेशननंतरची काळजी शिकेल, हे पॉलिक्लिनिकमध्ये तिला तितकं मिळणार नाही, ते मान्यच करायला पाहिजे. पण पॉलिक्लिनिकमध्ये ती जखम व्हायच्या आधी पाय बघायला शिकेल. आणि घरी गेली तर कळेल की साहेब सकाळी उसात अनवाणी जातात. बोट वाचवायचं शिक्षण पॉलिक्लिनिक आणि घर या दोन जागी आहे.

पुण्याचा पर्याय मनाला सगळ्यात जास्त भुरळ घालतो, खरं आहे ते. खडकीचं पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटर १९७४ पासूनचं, मणक्याला इजा झालेले जवान तिथं वर्षानुवर्षं राहतात. आर्टिफिशियल लिंब सेंटर तर १९४४ पासून आहे. दर दोन तासांनी कूस बदलणं, झोपून राहिल्यानं होणाऱ्या जखमा म्हणजे प्रेशर सोअर टाळणं, कॅथेटरची काळजी, कृत्रिम पाय लावण्याआधी स्टंपची, म्हणजे कापलेल्या पायाच्या उरलेल्या भागाची, त्वचा रोज तपासणं, हे पुस्तकातून येत नाही. आपल्या उन्हात कृत्रिम पायाच्या सॉकेटमध्ये (स्टंप बसतो त्या खोबणीत) घाम साचून स्टंप सोलवटतो, ते ओळखणारी सिस्टर तालुक्याच्या गावात किती मिळतील? आणि तिथं गेलं की मुलींना हेही दिसतं की व्हीलचेअरवरच्या माणसाचं आयुष्य संपलेलं नसतं, आपल्या शेजारच्या सांगलीचे मुरलीकांत पेटकर १९६५ च्या युद्धात गोळ्या लागूनही १९७२ ला हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्याचं सुवर्णपदक घेऊन आलेच की. पण अडीचशे किलोमीटर, राहण्याची सोय, सोबत ट्यूटर, सैन्याच्या परवानग्या, पालकांच्या संमती. बहुतेक कॉलेजं मग एक दिवसाची एज्युकेशनल व्हिजिट करतात, हुतात्मा एक्सप्रेसनं सकाळी जायचं आणि रात्री परत, ग्रुप फोटो आणि रिपोर्ट. त्याला पार्टनरशिप म्हणू नका. निदान दोन आठवड्यांचा ब्लॉक जमत असेल, तोही शेवटच्या वर्षाच्या निवडक मुलींसाठी, तरच या वाटेला जा.

अमेरिकेचं उदाहरण सगळे देतात म्हणून त्याबद्दलही बोलू. तिथं व्हेटरन्स अफेअर्स म्हणजे व्हीए, माजी सैनिकांसाठी सरकारनं स्वतः चालवलेली हॉस्पिटलं, आणि मेडिकल कॉलेजांशी त्यांचं नातं १९४६ पासूनचं. नर्सिंगसाठी व्हीएची स्वतःची वेगळी अकादमी २००७ मध्ये सुरू झाली, पहिल्यांदा व्हीए हॉस्पिटल आणि नर्सिंग कॉलेज अशा चार जोड्या, गेन्सव्हिल, सॅन दिएगो, सॉल्ट लेक सिटी आणि कनेक्टिकटमधलं वेस्ट हेवन, पुढं वाढून पंधरा झाल्या. त्यामागचं कारण आपल्यासारखंच होतं, शिकवणारे कमी म्हणून प्रवेश कमी. मग त्यांनी काय केलं तर व्हीएच्या अनुभवी नर्सेसना कॉलेजची फॅकल्टी केलं, त्यासाठी पैसे दिले, आणि त्याच मुली त्याच हॉस्पिटलात जास्त काळ राहतील असं बघितलं. आपल्याकडं ईसीएचएस म्हणजे व्हीए नव्हे, पॉलिक्लिनिकं स्वतःची पण मोठा उपचार बराचसा पॅनेलवर, तेव्हा ते मॉडेल जसंच्या तसं उचलता येणार नाही. पण दोन्हीकडं पाय असलेला एक माणूस हवा, हे मात्र उचलता येतं. कॉलेजची एक ट्यूटर ठरलेल्या वारी पॉलिक्लिनिकमध्ये असेल आणि तिथल्या एखाद्या अनुभवी स्टाफला कॉलेजनं गेस्ट लेक्चरर म्हणून मानधन देऊन बोलावलं, तर करार जिवंत राहतो. नाहीतर प्रिन्सिपल बदलल्या की फाईल कपाटात.

आता गावाचं. तुमचं कम्युनिटी पोस्टिंग कुठल्यातरी प्राथमिक आरोग्य केंद्राकडं असतंच, त्याच गावातले माजी सैनिक आणि वीरनारी कोण ते जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाला पत्र देऊन विचारा, कार्यालयानं आधी त्या घरांना विचारावं आणि ज्यांची हरकत नाही त्यांच्याकडंच जावं. याला वेगळा खर्च जवळजवळ नाही. एका मुलीकडं दोन घरं, पूर्ण पोस्टिंगभर तीच. पॉलिक्लिनिकमध्ये भेटलेलं कुटुंब आणि गावातलं कुटुंब एकच निघालं तर सोन्याहून पिवळं.

मग कुणी काय घ्यावं? जीएनएमची (नर्सिंग डिप्लोमाची) लहान बॅच आणि स्वतःचं हॉस्पिटल नाही, तर तुम्हाला बेडसाठी हॉस्पिटल लागणारच, ते पॅनेलवरचं निवडा, म्हणजे दोन कामं होतात, पण पॉलिक्लिनिकचा अर्ज त्याच आठवड्यात टाका. बीएस्सीचं कॉलेज आणि मागं मोठं पेरेंट हॉस्पिटल असेल तर पॅनेलच्या करारात वेळ घालवूच नका, प्रोसिजर तुमच्याकडं भरपूर आहेत, सरळ पॉलिक्लिनिक आणि गावं घ्या आणि शेवटच्या वर्षासाठी पुण्याशी बोलणी सुरू ठेवा. आणि मॅनेजमेंटला फक्त बाहेर बोर्डावर लावायला एमओयू (सामंजस्य करार) हवा असेल तर थांबा, आधी एक ट्यूटर या कामासाठी मोकळी करून घ्या.

पत्रात या गोष्टी आल्याच पाहिजेत: मुलींची संख्या, कुठले वार, सोबतच्या ट्यूटरचं नाव, मुली कुठल्या प्रोसिजर करतील आणि कुठल्या फक्त बघतील, सुई टोचली तर उपचार कुणी करायचा आणि खर्च कुणाचा, नोंदींची गोपनीयता, आणि दर सहा महिन्यांनी दोघांनी बसून आढावा. सुईचा मुद्दा बहुतेक जण विसरतात. परवानगीला वेळ लागतो म्हणून नवीन सेमिस्टरच्या पोस्टिंगसाठी अर्ज आधीच्या सेमिस्टरच्या सुरुवातीलाच द्या, आणि नेऊन देताना तुमच्या कॉलेजमधल्या एखाद्या फौजीच्या मुलीला सोबत न्या, दर बॅचला एखादी तरी असतेच.