वजने उचलणाऱ्याने योग कधी करावा: पहाटेच्या वर्गात की जिमनंतर घरी?

वजनांच्या जोडीला योग असावा, हे विदर्भात कोणाला पटवून द्यावे लागत नाही. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ पासून उभे आहे आणि मल्लखांब, कुस्ती व योगासने तेथे एकाच छताखाली नांदत आली आहेत. अडचण असते ती वेळेची. गावात राहून संध्याकाळी तालुक्याच्या जिममध्ये जाणाऱ्यापुढे दोन मार्ग उरतात: पहाटे देवळाच्या सभामंडपात भरणारा योगवर्ग, किंवा जिमहून परतल्यावर घरच्या छपरीत सतरंजी टाकून केलेली आसने. मी पहिला मार्ग आठ महिने चालवला आणि दुसऱ्यावर आता दोन वर्षे आहे.

वर्गाचे गुण मी कमी लेखणार नाही. वैशाखात जिमचे टिनाचे छत रात्री आठपर्यंत आग ओकत असते, तेव्हा पहाटेचा सभामंडप खरोखर सुखाचा वाटतो. चार माणसांच्या संगतीने खाडा होत नाही, आणि प्राणायाम तेथे जितका निगुतीने होतो तितका माझ्याकडून घरी आजही होत नाही.

मात्र माझ्यापुरता निर्णय झाला तो पश्चिमोत्तानासनाने, म्हणजे पाय लांब करून बसून पुढे वाकण्याच्या आसनाने. आदल्या संध्याकाळी डेडलिफ्ट (जमिनीवरून जड बार उचलणे) केलेली असली की पहाटे मांडीमागचे स्नायू लाकडासारखे झालेले असत, आणि नेमके तेच आसन वर्गात सुरुवातीला असे. रात्रभर आडवे राहिल्याने मणक्यांमधल्या चकत्या पाणी शोषून फुगलेल्या असतात, म्हणून उठल्याबरोबर खोल पुढे वाकणे कंबरेला जड जाते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. वर्ग घेणारे गृहस्थ सज्जन होते; पण ज्याचे कपाळ गुडघ्याला टेकत नसे त्याच्या पाठीवर दोन्ही तळवे ठेवून ते हळूहळू दाबत. मी दोनदा नको म्हटले, तिसऱ्यांदा संकोचाने गप्प राहिलो आणि कंबरेत चमक भरली. पुढचे तीन आठवडे मला जमिनीवरून बादलीही नीट उचलता आली नाही.

घरी हा प्रश्न उरला नाही. जिमहून आल्यावर अंग अजून गरम असते. हातपाय धुऊन वीस-पंचवीस मिनिटे मालासन (खोल उकिडवे बसणे), अधोमुख श्वानासन, भुजंगासन आणि शेवटी शवासन एवढेच मी करतो. स्क्वॉट, म्हणजे खांद्यावर बार घेऊन उठबस, करताना माझ्या टाचा उचलल्या जात. मालासनात मी टाचांखाली घोंगडीची घडी ठेवू लागलो, दर पंधरवड्याला ती पातळ करत गेलो, आणि तिसऱ्या महिन्यात टाचा सतरंजीला टेकल्या. त्यानंतर बारखाली बसणेही बदलले. एकच आसन मिनिटाहून अधिक काळ ताणून धरल्यास लगेचच्या उचलीत जोर थोडा कमी पडतो, त्यामुळे वजने आधी आणि आसने नंतर हा क्रमही आपोआप साधतो.

डवरणीच्या दिवसांत शेतातून थकून आल्यावर घरची सतरंजी गुंडाळलेलीच राहते, हे मान्य केले पाहिजे. ज्यांना एकट्याने नियम पाळणे कठीण जाते किंवा ज्यांची वजने हलकी आहेत, त्यांना कदाचित वर्गच सोयीचा पडेल. परंतु आठवड्यातून दोनदा जड डेडलिफ्ट आणि स्क्वॉट करणाऱ्याला मी तरी संध्याकाळच सुचवीन. शनिवारी मी वजनांना हात लावत नाही, म्हणून रविवारी पहाटे प्राणायामासाठी वर्गात जातो, पश्चिमोत्तानासनात गुडघे किंचित वाकवून बसतो, आणि पाठीवर हात नको, हे बसण्यापूर्वीच सांगून ठेवतो.