चेतकचा गंज, फॉस्फोरिकची बाटली आणि एक अख्खा पावसाळा

बाबांची ९५ सालची चेतक मी जानेवारीत उघडली आणि फेब्रुवारीअखेर रंगवली. लिहायला मात्र दिवाळी तोंडावर येईपर्यंत थांबलो. गंज काढायची कुठलीही बाटली पहिल्या दिवशी छानच वाटते. रत्नागिरीचा पावसाळा अंगावरून गेल्यावर तिची खरी किंमत कळते. आमचं घर मिऱ्याच्या बाजूला. चार महिने पाऊस आणि उरलेले आठ महिने खारा वारा.

आणलं ते फॉस्फोरिक ॲसिडचं द्रावण, १ लिटर. कंपनीचं नाव मुद्दाम देत नाही, कारण या जातीच्या बहुतेक बाटल्यांत मुख्य माल तोच असतो. ॲसिड गंज खातं आणि लोखंडावर फॉस्फेटचा राखाडी थर सोडतं. त्या थरावर प्रायमर चांगला धरतो. पण हे वरच्या, भुकटीसारख्या गंजापुरतं. पोपडा धरलेला असेल तर द्रावण वरच्या वर फेसाळतं आणि खाली गंज तसाच राहतो.

चेतकचा फूटबोर्ड हा ठरलेला घात. रबरी मॅटखाली पाणी साचून राहतं आणि वरून काही कळत नाही. मी मॅट काढून स्क्रूड्रायव्हरचं टोक टेकवलं, तर दोन ठिकाणी ते सरळ आरपार गेलं. तिथे बाटलीचं काही कामच नव्हतं. पत्रा कापून नवा तुकडा वेल्ड करून घेतला. बाकी फूटबोर्डावर आधी खरवडणी, मग ग्राइंडरला वायरचा कप ब्रश. (गॉगल न लावता कप ब्रश फिरवू नका. त्याची एक तार माझ्या जाड शर्टातून छातीला टोचली होती, आणि डोळे त्याच्यापेक्षा वीतभरच वर असतात.) त्यानंतर थिनरने पुसून तेलाचा अंश घालवला आणि मगच द्रावण. तेलकट पत्र्यावर ते मेणावरच्या पाण्यासारखं थेंब थेंब होऊन बसतं.

पुढचा मडगार्ड मी पहिल्यांदा फसवला. ब्रशने द्रावण लावलं, वीस मिनिटं ठेवलं, स्कॉचब्राइटने घासलं, पाण्याने धुतलं. स्वच्छ राखाडी पत्रा निघाला. आनंदाने पडवीत टेकवून जेवायला गेलो. परत आलो तर त्यावर नारिंगी धूळ फुंकल्यासारखी झाक. आमच्या दमट हवेत ओल्या, उघड्या लोखंडाला तेवढा वेळ पुष्कळ झाला. गॅरेजवाले काका बघून हसले. म्हणाले, "अरे, पाणी मारलंस की थांबू नये. फडक्याने पूस, गरम हवा मार, प्रायमर घे. जेवण नंतर."

दुसऱ्या खेपेला तसंच केलं. शेवटचा हात पातळ केलेल्या द्रावणाचा, लगेच कोरडं फडकं, मग सांध्यांत हॉट एअर गन. तासाभरात दोन पदरी एपॉक्सी प्रायमर. पत्र्यावर पांढरी, चिकट पूड राहू द्यायची नाही. ती राहिली की प्रायमर पत्र्याला न धरता पुडीला धरतो. मडगार्डावर आज आठ महिन्यांनंतरही एक ठिपका नाही.

रिम मात्र बाटलीने केल्या नाहीत. दहा इंची, दोन तुकड्यांच्या रिमला इतके कोपरे की ब्रश पोचतच नाही. तिथे विजेने गंज सोडवला: टबात पाणी, धुण्याचा सोडा, त्यात रिम आणि एक सळई, आणि दोन्हींना बॅटरीचा जुना चार्जर. ऋण टोक रिमला, धन टोक सळईला. हे उलटं झालं तर गंजाऐवजी रिमच खाल्ली जाते. सळई साधी लोखंडी घ्या. स्टीलचा चमचा वगैरे अजिबात नको. त्यातलं क्रोमियम पाण्यात उतरतं आणि ते विषारी असतं. हायड्रोजनही निघतो, म्हणून टब अंगणात. रात्रभर ठेवलं आणि सकाळी काळा गाळ बोटाने निघून आला. एवढं समाधान मला पूर्ण स्कूटरमध्ये दुसऱ्या कशात मिळालं नाही.

आता चुका. आळसाने सगळे नटबोल्ट एका डब्यात टाकून त्यावर द्रावण ओतलं. गंज गेला, पण गंजाबरोबर जस्ताचा मुलामाही गेला. बोल्ट उघडे पडले आणि जुलैत आधीपेक्षा जास्त तांबडे झाले. शेवटी नवे आणले. स्प्रिंगा डब्यात टाकल्या नाहीत हे नशीब. कडक पोलाद ॲसिडमध्ये ठिसूळ होऊ शकतं हे मला नंतर कळलं. फूटबोर्डाच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर चार थेंब उडाले, तिथे काळपट डाग पडले ते पॉलिशनेही पुरते गेले नाहीत.

आणि सर्वांत मोठी चूक दुमडीची. फूटबोर्डाच्या कडेला जिथे पत्रा पत्र्यावर दुमडलाय, तिथे मी प्रामाणिकपणे द्रावण मुरवलं. आत गेलेलं ॲसिड धुऊन बाहेर येत नाही. ऑगस्टमध्ये नेमका त्याच रेषेत, डाव्या बाजूला, रंगाला फुगा आला. उजवी दुमड मी कंटाळून फक्त वायरब्रशने घासून, पातळ रेड ऑक्साइड आत सोडून बंद केली होती. ती बाजू ठणठणीत आहे.

पुन्हा घेईन का? घेईन, मडगार्ड, डिक्कीचं झाकण, स्टँड अशा उघड्या, सपाट पत्र्यासाठी. त्याला जोड म्हणून ८० आणि १८० नंबरचा पेपर लागतोच. बाटलीवर "घासण्याची गरज नाही" असं छापलंय ते विसरून जा.

डावीकडचा फुगा नखाने दाबला की अजून मऊ लागतो. परतीचा पाऊस पुरता सरला की तेवढी कड पुन्हा उघडणार आहे. पाव बाटली शिल्लक आहे, पण या खेपेला ती कपाटातच राहील.