१३ वर्षांची स्विफ्ट, ५१ हजारांचं काम आणि आय ट्वेंटी एन लाईनची एक चक्कर

माझी गाडी २०१२ची स्विफ्ट व्हीएक्सआय, पेट्रोल, १ लाख ३८ हजार किमी झालेत. राहतो रत्नागिरीत, बायकोचं माहेर कोल्हापूर, म्हणजे महिन्यातून एकदा तरी पाली, नाणीज, साखरपा करत आंबा घाट चढायचा हे ठरलेलं. गेल्या पावसाळ्यानंतर गाडी घाटात नकोशी वाटायला लागली. पुढे जांभा भरलेला ट्रक असला की ओव्हरटेक मारू की नको यातच दोन वळणं निघून जायची आणि तोवर मागून कोणीतरी हॉर्न वाजवत पुढे. मग डोक्यात किडा शिरला की आता पिकअपवाली गाडी घ्यायचीच, नाहीतर हिचं इंजिन रिमॅप करायचं (इंजिनच्या कॉम्प्युटरमधली सेटिंग बदलून ताकद वाढवायची), हवेचा मोकळा फिल्टर बसवायचा, सायलेन्सर बदलायचा वगैरे.

आधी रिमॅपचं सांगतो, कारण मुलं त्यातच पैसे घालवतात. या गाडीत ११९७ सीसीचं चार सिलेंडर इंजिन आहे, ताकद ८७ पीएस, टॉर्क म्हणजे ओढ ११४ एनएम, टर्बो (इंजिनात दाबून हवा भरणारा पंखा) नाही. टर्बो नसलेल्या पेट्रोलला रिमॅप करून हाताला लागेल असं फारसं काही येत नाही, कारण मुळात आत जाणारी हवा तेवढीच. टर्बोचा बूस्ट, म्हणजे हवेचा दाब, वाढवता येतो, इथे वाढवायला आहे काय? मोकळा फिल्टर लावला की आवाज येतो, आणि आवाज आला की आपल्याला वाटतं गाडी पळतेय. सायलेन्सर आणि रंगबिरंग बदलणाऱ्यांनी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ एकदा वाचा, कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपेक्षा वेगळं काही केलं तर आरटीओत आणि इन्शुरन्स क्लेमला दोन्हीकडे अडकू शकता.

माझा मेकॅनिक संगमेश्वरकडचा, हात काळे आणि बोलणं थोडं. त्याने गाडी एक चक्कर मारून आणली, जॅकवर चढवली, पुढचं चाक हलवून दाखवलं आणि म्हणाला, "अवो, इंजनाला काय धाड भरलेय, पाय गेलेत तिचे." टायरवरचा चार आकडी नंबर दाखवला, ३२१७. म्हणजे २०१७च्या ३२व्या आठवड्यातला टायर. नक्षी बऱ्यापैकी शिल्लक होती म्हणून मी चालवत होतो पण रबर दगडासारखं कडक झालेलं, पावसात घाटात पकड कुठून येणार. पुढचे शॉकअप गळलेले, लोअर आर्मचे (चाक खालून धरणाऱ्या दांड्याचे) रबरी बुश फाटलेले, ब्रेकच्या डिस्कला कड आलेली. आणि क्लच इतका झिजलेला की चढावर इंजिन ओरडायचं आणि गाडी जागची हलायची नाही. आणि मी बसलोय पिकअप नाही म्हणून रडत!

तर सगळं करून घेतलं. चार टायर १७,६००, शॉकअप, माउंट, लोअर आर्म धरून १३,४००, डिस्क-पॅड आणि मागचे शू ६,८००, क्लच सेट ७,२००, मजुरी ६,५००. एकूण ५१,५००. टायर मूळच्या १६५/८० आर१४ ऐवजी थोडे रुंद १८५/७० आर१४ टाकले, चाकाची उंची जवळपास तीच राहते म्हणजे स्पीडोमीटर फार चुकत नाही, रिम पण तेच. तोटा एकच, ॲव्हरेज लिटरला एकाने कमी झालं आणि पार्किंगमध्ये स्टिअरिंग थोडं जड लागतं.

काम झाल्यावर पहिल्या रविवारी आरे-वारे मार्गे गणपतीपुळ्याला नेली. तो रस्ता ज्यांनी चालवलाय त्यांना कळेल, एका बाजूला समुद्र आणि वळणं अशी की बघायचं कुठे तेच कळत नाही. गाडी रुळावर असल्यासारखी वळत होती. १३ वर्षांत पहिल्यांदा बायको वळणावर वरचा हँडल न पकडता बसली, यापेक्षा मोठा रिव्ह्यू माझ्याकडे नाही.

आता वेगवान गाडीकडे येतो. मेहुण्याकडे कोल्हापुरात ह्युंदाईची आय ट्वेंटी एन लाईन आहे, २०२३च्या बदलानंतरची सहा गिअरची मॅन्युअल. शोरूमची टेस्ट ड्राईव्ह मी आधी घेतलेली, सरळ हायवेवर चार किलोमीटर आणि शेजारी बसलेला पोरगा सनरूफ उघडून दाखवतोय, त्यातून काय डोंबल कळणार. मेहुण्याची गाडी मात्र आंबा घाटात दोनदा वर-खाली मारली, त्याच दिवशी आधी स्विफ्ट मारलेली.

इंजिन ९९८ सीसीचं, तीनच सिलेंडर, पण टर्बो. १२० पीएस आणि १७२ एनएम. कागदावर पीएसकडे सगळे बघतात, घाटात खरा फरक दुसऱ्या आकड्याचा. माझ्या स्विफ्टचा पूर्ण टॉर्क ४००० आरपीएमला (इंजिनच्या मिनिटाला तेवढ्या फेऱ्या झाल्यावर) मिळतो, म्हणजे चढावर ओव्हरटेक करायचा तर सेकंड टाका, इंजिन किंचाळू द्या. एन लाईनला तो १५०० पासूनच हाताशी. मी सवयीने प्रत्येक वळणावर सेकंड टाकत होतो तर मेहुणा म्हणतो, "दाजी, थर्डवरच राहू द्या की, उचलते ती!" आणि खरंच उचलली. ज्या ट्रकमागे मी गेली वर्षानुवर्षं धूर खातोय तसा ट्रक दिसला, समोर रस्ता मोकळा होता, पाय दाबला आणि संपलं. खोटं कशाला बोलू, तोंडावर हसू आलं. चारही चाकांना डिस्क आहेत, उतारावर विश्वास वाटतो. सस्पेन्शन कडक आहे, खराब पॅचवर पाठीला कळतं, आणि आपल्याकडे खराब पॅच शोधायला लांब जावं लागत नाही.

पण उतरल्यावर घड्याळ बघितलं. साखरप्यापासून वर आंब्यापर्यंत दोन गाड्यांत फरक किती? चार मिनिटं, त्यातली निम्मी कुठल्या ट्रकमागे अडकलो त्यावर. चौपदरीकरणाची कामं, धुकं, वळणावर मध्येच उभी असलेली म्हैस, यांना तुमचा टर्बो दिसत नाही. आणि वेग ६० वरून ८० केला की ब्रेकिंगचं अंतर सव्वापट नाही, जवळजवळ पावणेदोनपट होतं हे शाळेतच शिकलोय, फक्त गाडीत बसल्यावर आठवत नाही.

पैशाचं म्हणाल तर सप्टेंबर २०२५ पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के झाला त्यामुळे भाव उतरलेत, तरी आपल्याकडचा ११ टक्के रोड टॅक्स आणि इन्शुरन्स धरून एन लाईन ऑनरोड १० लाखांच्या पलीकडेच जाते. सेकंडहँड टर्बो हॅच बघायचा प्रयत्नही केला. एक बघितली, चकाचक, भाव पण गोड. मेकॅनिकने सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला तर खालच्या हातभर पट्ट्यावर चिखलाचा डाग, कार्पेटखाली बारीक गाळ. २२ जुलै २०२१चा चिपळूणचा पूर आठवा, त्यावेळी किती गाड्या पाण्यात होत्या. विकणाऱ्याला विचारलं तर म्हणाला, "धुतली होती जरा जास्त." कोकणात जुनी गाडी घेताना बेल्ट ओढून बघाच, आणि दरवाज्याच्या खालच्या कडा, डिकीचं झाकण, सायलेन्सर. समुद्राजवळ राहणाऱ्या गाड्या वरून चमकतात आणि खालून पापडासारख्या झालेल्या असतात. माझी पण झालेली, दोन ठिकाणी पॅच मारलाय.

मग ५१ हजार घालून मी जिंकलो का? मला तसंच वाटत होतं, बायकोला हिशेब दाखवला तर तिने एकच विचारलं, "हिच्यात एअरबॅग किती?" एकही नाही. एबीएस (जोरात ब्रेक मारला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) पण नाही. २०१९ पासून एबीएस आणि ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, माझी त्याच्या सात वर्षं आधीची. शॉकअप मिळतात, टायर मिळतात, पण या गाडीला कुठल्याच गॅरेजात एअरबॅग बसवून मिळत नाही. एन लाईनमध्ये सहा आहेत. मी १७२ एनएम सांगत होतो, ती सहा ऐकत होती.

पोरगी सतरा पूर्ण आहे, पुढच्या वर्षी लायसन्स काढणार. आणि २०२७ला स्विफ्टला १५ वर्षं होतात, म्हणजे पुन्हा आरटीओत तपासणी करून रजिस्ट्रेशन पाच वर्षांसाठी वाढवायचं. तोपर्यंत गाडी मी चालवणार, घाटात आता मजेत चालवतोय. पोरीच्या हातात मात्र ही द्यायची नाही असं घरात ठरलंय.

तिच्यासाठी काय घ्यायचं तर सध्या पारडं नव्या स्विफ्टकडे झुकतंय, २०२४ला आलेली, सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलला आणि मॅन्युअलचं ॲव्हरेज कंपनी २४.८ सांगते. इंजिन तीन सिलेंडरचं, टर्बो नाही, ८२ पीएस. म्हणजे वेगवान गाडी शोधायला निघालेला माणूस आहे त्यापेक्षा पाच पीएस कमी घेऊन घरी येणार. मेहुण्याला अजून सांगितलेलं नाही.