मोफत बाळंतपण, पण खिडकीच्या पलीकडे

सोलापूरच्या पूर्व भागातील एका सरकारी प्रसूतिगृहात शेजारच्या गरोदर सुनेसोबत मी चार वेळा गेले, त्या अनुभवावरून हे लिहीत आहे. ती मूळची तेलंगणातली, घरी विड्या वळणारी. मराठी तिला समजते, पण डॉक्टरांपुढे तोंडातून शब्द फुटत नाही.

उपचारांबद्दल माझी तक्रार नाही. दर महिन्याच्या 9 तारखेला प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची तपासणी असते. त्या दिवशी स्त्रीरोगतज्ज्ञ वेळेवर आल्या आणि त्यांनी शांतपणे तपासले. जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमात 2011 पासून सिझेरियनसह बाळंतपण, औषधे, रक्त, ने-आण करणारी गाडी आणि साध्या बाळंतपणात 3, तर सिझेरियननंतर 7 दिवसांपर्यंतचे जेवण मोफत आहे. हे सारे तिथल्या फलकावर लिहिलेले आहे, मात्र केवळ मराठीत, आणि तेही अशा वस्तीत जिथे किराण्याच्या दुकानात तेलुगू, कन्नड व उर्दू एकाच वेळी ऐकू येतात.

अडते ते केसपेपरच्या खिडकीवर. आधार कार्डावर माहेरचा पत्ता असल्याने पहिल्या दिवशी आम्हांला परत पाठवले गेले. बाळंतपणाच्या सरकारी अनुदानासाठी कागदपत्रे लागतात हे मान्य. पण मोफत तपासणी सरकारी दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक गरोदर स्त्रीसाठी आहे. विडीची मजुरी दर हजार विड्यांमागे मिळते, त्यामुळे रांगेत गेलेली सकाळ तिच्याच मजुरीतून जाते. आमच्या मागे बीडकडची एक ऊसतोड कामगार उभी होती. तिचे माता-बाल संरक्षण कार्ड गावी राहिले होते, आणि पुन्हा यायचे तर खाडा पडून मुकादमाचा दंड बसणार होता. ती नंतर मला तिथे दिसली नाही.

दुभाष्याचे काम झाडलोट करणाऱ्या मावशी करतात, अगदी मनापासून. परंतु ‘अंगावरून जाते का?’ हा प्रश्न त्यांनी तेलुगूत इतक्या मोठ्याने विचारला की बाकावरच्या सगळ्या बायका वळून पाहू लागल्या, आणि हिने नकारार्थी मान हलवली. रिक्षात बसल्यावर मात्र दोनदा रक्त गेल्याचे तिने मला सांगितले. आम्ही तशाच परत फिरलो. डॉक्टरांनी न रागावता लगेच तपासले आणि सोनोग्राफी लिहून दिली.

पाचपैकी तीन तारे देते, तेही त्या डॉक्टरांमुळे. तेलुगू जाणणारी एक सिस्टर आणि एक आडपडदा मिळाला, तर चौथा आनंदाने देईन.